तांबड्या खिडकीचा किस्सा

तांबडे सरांचं आडनाव तांबडे नव्हतं. खरं आडनाव पगाराच्या यादीत होतं, घराच्या पाटीवर होतं, पण डेटाबेस सांभाळणाऱ्या मंडळींत ते विचारलंत तर समोरचा डोकं खाजवत बसेल. "तांबडे सर" म्हणा, की लगेच ओळख पटते. "ते होय, खिडकीवाले!" हे नाव त्यांना एका किश्श्यावरून पडलं होतं, आणि त्या किश्श्याच्या जिवावर सर अठरा-एकोणीस वर्षं मिरवत आले होते.

सर एका डोळ्यांच्या इस्पितळात नोकरीला होते. डॉक्टर नव्हेत. कोणाची तपासणी कधी, कोणाच्या कोणत्या डोळ्याचं ऑपरेशन कोणत्या दिवशी, हे सगळं ज्या डेटाबेसमध्ये असतं तो सांभाळायचं काम त्यांच्याकडे. हे काम मोठं विचित्र. नीट चाललं तर तुम्ही तिथे आहात हेही कोणाला कळत नाही, आणि बिघडलं तर शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना तुमचं नाव तोंडपाठ होतं. असं काम करणाऱ्यांना एकमेकांशिवाय कोण विचारणार? म्हणून ही मंडळी वर्षातल्या एका शनिवारी जमत. सुट्टीच्या दिवशी एका कॉलेजची इमारत मिळे, तिच्या वर्गांमधून सकाळपासून संध्याकाळपर्यंत भाषणं चालत. ऐकायला यायचं ते फुकट आणि बोलायला यायचं तेही फुकट. बोलणाऱ्याच्या हाती एक टी-शर्ट पडे, तोही बहुधा एक माप मोठा. सरांच्या कपाटात असे चौदा टी-शर्ट साठले होते. त्यातले विटलेले बायको फरशी पुसायला घेई, आणि सर कुरकुरत, "अगं, हा पाचव्या वर्षीचा आहे."

आता किस्सा. डेटाबेसवाल्याच्या पडद्यावर बहुतेक वेळ दोन खिडक्या उघड्या असतात. एक खऱ्या डेटाबेसची, तिला प्रॉडक्शन म्हणायचं. दुसरी सरावाची, म्हणजे टेस्टची. टेस्टमध्ये हवा तो धुडगूस घाला, कोणाच्या बापाचं काही जात नाही. पंचाईत एवढीच, की दोन्ही खिडक्या दिसायला जुळ्या बहिणी. सर हे सगळं समजावून सांगत आणि मग आवाज जरा खाली आणत. "आमच्याकडे एक मुलगी होती. हुशार, पण महा धांदरट. एक दिवस तिने टेस्ट समजून प्रॉडक्शनमधलं अपॉइंटमेंटचं अख्खं टेबल, म्हणजे नोंदींचा सगळा तक्ता, पुसून टाकलं. एकेचाळीस हजार दोनशे सोळा नोंदी. आणि पुसून झाल्यावर बाईसाहेब आरामात चहाला गेल्या!" इथे हशा ठरलेला. तो ओसरेपर्यंत सर थांबत आणि मग शेवटचं सांगत, की दुसऱ्याच दिवशी मी नियम केला: प्रॉडक्शनची खिडकी तांबडी. तांबडं दिसलं की हात खिशात.

नियम इतका सोपा होता, की ऐकणाऱ्याला हे आपल्याला कसं सुचलं नाही असं वाटे. शहरातल्या निम्म्या कचेऱ्यांनी तो उचलला आणि सरांना आडनाव मिळालं.

या किश्श्यातला आकडा खरा होता. चहा खरा होता. मुलगीही खरी होती, आणि हुशार होती हेही खरं. बाकी सगळं सरांनी रचलेलं होतं.

सगळे तिला धाकटी म्हणत, कारण चौघांच्या त्या खोलीत ती वयानेही लहान आणि नोकरीनेही. कॉलेजातून थेट सरांच्या हाताखाली आलेली. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. कोणाचीही चूक काढताना आधी "माझं चुकत असेल" म्हणायची, आणि तिचं कधी चुकलेलं नसायचं. त्या दिवशी सरांच्या मशिनवर कसलंसं अपडेट अडकून बसलं होतं. धाकटी चहाला गेली होती आणि तिची खुर्ची रिकामी होती. दोन मिनिटांचं काम, असं म्हणून सर तिच्या जागी बसले. खोलीत तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. सर डावखुरे, त्यामुळे त्यांनी माऊस उचलून डावीकडे घेतला. समोर जी खिडकी होती ती टेस्टची धरली, टेबल रिकामं करायची ओळ लिहिली आणि कळ दाबली. किती नोंदी पुसल्या गेल्या तो आकडा खाली उमटला. टेस्टमध्ये सगळ्या मिळून तीनशे नोंदी होत्या. हा आकडा पाच अंकी होता.

 सर उठले आणि स्वतःच्या जागेवर जाऊन बसले. का उठले, हे त्यांना पुढे कितीही वर्षं विचार केला तरी सांगता आलं नसतं. पळून जायचा बेत नव्हता, पाय आपले तिकडे गेले. दार उघडून धाकटी आत आली, आणि तेवढ्यात खालच्या काउंटरवरून फोन वाजला, की पडद्यावरची यादी रिकामी झाली आहे.

पुढचे तीन दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही. रोज रात्री बॅकअप घेतला जाई, तो परत चढवला की झालं, अशी सगळ्यांची समजूत होती. पण नऊ दिवस बॅकअप झालाच नव्हता, कारण डिस्क भरली होती. तसा इशारा रोज मेलवर येत होता, सरांच्याच मेलवर, आणि सर तो न उघडता बाजूला सारत होते. बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत. नऊ दिवसांच्या अपॉइंटमेंट कागदाच्या चिठोऱ्यांवरून, लोकांना फोन करकरून पुन्हा भराव्या लागल्या. एक म्हातारे गृहस्थ पहाटेपासून उपाशीपोटी ऑपरेशनसाठी बाकावर बसले होते. त्यांचं नाव कुठेच सापडेना म्हणून त्यांना घरी पाठवावं लागलं. ते भांडले नाहीत, उलट "माझीच काही चूक झाली असेल" म्हणाले.

काम कोणाच्या लॉगिनवरून झालं, हे डेटाबेसमध्ये लिहिलेलं राहतं. लॉगिन धाकटीचं होतं. विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली की मी चहाला गेले होते. मशिन लॉक करून गेली होतीस का, हा त्यांचा दुसरा प्रश्न. ती लॉक करून गेली नव्हती. मग तिने सरांकडे बघितलं. सर पडद्याकडे बघत होते. जरा वातावरण निवळलं की सांगतो, असं ते मनाशी म्हणत होते. संध्याकाळी म्हणाले, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हणाले, सोमवारी. किती सोमवार आले आणि गेले. सर मूग गिळून बसले. धाकटीला आधी डेटाबेसच्या कामावरून काढून जुने केसपेपर स्कॅन करायला तळघरात बसवलं, आणि साडेतीन महिन्यांनी तिने राजीनामा दिला. कोणाचा डोळा गेला नव्हता, पण एका मुलीची नोकरी गेली.

आणि तांबडी खिडकी? तीही तिचीच. हे सगळं घडण्याच्या दोन महिने आधी ती सरांना म्हणाली होती, "सर, माझं चुकत असेल, पण प्रॉडक्शनच्या खिडकीला वेगळा रंग देऊ या का? तांबडा वगैरे?" सर हसले होते. डोळ्यांच्या इस्पितळात आलीस म्हणून लगेच रंग तपासायला लागलीस, असं काहीतरी म्हणाले होते. खोलीतले बाकीचेही हसले होते.

पहिल्या वर्षी त्या फुकट परिषदेत सर बोलायला उभे राहिले तेव्हा समोर पंचवीसेक माणसं होती. सर बॅकअपविषयी बोलायला गेले होते. उदाहरण हवं होतं. "मी एकदा" असं म्हणायचं ठरवूनच ते उभे राहिले, पण ऐनवेळी तोंडातून "आमच्याकडे एक मुलगी होती" असं आलं. चहापाशी हशा झाला. ज्या माणसाला आयुष्यात कधी कोणी हसून दाद दिली नव्हती त्याला ती मिळाली, आणि एकदा चव लागल्यावर सुटणं कठीण. पुढच्या वर्षी लोकांनीच किस्सा मागितला. मी तिचं नाव कधी घेतलं नाही, अशी सर स्वतःची समजूत घालत. पण गाव ते केवढं आणि त्यात डेटाबेसवाले किती! नाव न घेताही सगळ्यांना ती माहीत होती.

गेल्या वर्षी सरांच्या स्वतःच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यांच्याच इस्पितळात. सकाळपासून पोटात काही नाही, त्याच बाकावर बसलेले. नर्सबाई यादी घेऊन आल्या आणि नावं पुकारू लागल्या. माझं नाव यादीत नसलं तर, असं सरांच्या मनात आलं. नाव होतं. डोळा छान झाला. पण तो म्हातारा गृहस्थ आणि तळघरातली धाकटी त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेनात.

दोन महिन्यांनी सर निवृत्त होणार होते. परिषदेच्या संयोजकाचा मेल आला, की यंदा तुमचं निरोपाचं भाषण, पन्नास मिनिटं तुमची, आणि मुलीचा किस्सा हवाच. सरांनी होकार कळवला आणि मनाशी पक्कं केलं: किस्सा सांगायचा, पण खरा. एकदाच, सगळ्यांसमोर, आणि तिच्यासमोर. इस्पितळात पूर्वी काउंटरवर असलेल्या बाईंकडून त्यांनी धाकटीचा पत्ता काढला. तिला लिहिलेला मेल सहा वेळा खोडला आणि सातव्यांदा पाठवला. शनिवारी माझं शेवटचं भाषण आहे, तुमच्याविषयी एक गोष्ट चारचौघांत सांगायची आहे, यावं ही विनंती. एकेकाळी जिला अगं-तुगं करत होते तिला "तुमच्याविषयी" लिहिताना त्यांना कसंसंच झालं. उत्तर दोन शब्दांचं आलं: "किती वाजता?"

शनिवारी सरांनी स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री केला. बायकोने ते बघितलं आणि निरोप समारंभाला एवढं नटायला कोणी हार घालणार आहे का, असं विचारलं. सर नुसते हसले.

पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांचा मोठा वर्ग सरांना दिला होता. फळ्यावर आदल्या दिवशीचं अर्धं पुसलेलं गणित तसंच होतं. नावं अडीचशे जणांनी दिली होती आणि आले होते सव्वाशे. फुकट म्हटलं की नाव द्यायला काय जातं? पण सरांच्या वर्गात बसायला जागा नव्हती, लोक भिंतीला टेकून उभे होते. वेळ सांभाळायला एक पोक्त बाई पहिल्या बाकावर बसल्या होत्या, टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेल्या. त्यांच्याजवळ तीन पाट्या होत्या: दहा, पाच आणि शून्य. शून्याची पाटी दाखवली की वक्त्याने वाक्य अर्धं सोडून बसायचं, असा त्यांचा दरारा होता.

दाराजवळच्या बाकावर धाकटी बसली होती. सरांनी तिला लगेच ओळखलं. पुढचे केस पांढरे झाले होते, चष्मा आला होता, पर्स मांडीवर धरून ती शाळेत पहिल्या दिवशी बसावं तशी ताठ बसली होती.

सरांनी बत्तीस स्लाइड केल्या होत्या. शेवटची नुसती तांबडी, तिच्यावर एक अक्षर नाही. तिथे पोचलं की शेवटची दहा मिनिटं मनातलं बोलायचं, असं त्यांनी योजलं होतं. आंघोळीच्या वेळी वीस वेळा म्हणून पाहिलं होतं. "ती ओळ मी लिहिली होती" हे वाक्य आता बिनचूक येत होतं.

सुरुवात झकास झाली. दुसऱ्याच मिनिटाला हशा मिळाला. बॅकअप घेणं म्हणजे काम झालं नव्हे, तो परत चढवून बघितला तरच झालं, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवायला घेतलं. नेहमी तीन मिनिटं लागतात, त्या दिवशी आठ लागली. सरांनी तेवढ्या वेळात दोन जुने विनोद सांगितले, तेही चालले. सर रंगात आले. अधूनमधून दाराकडे नजर जाई आणि जीभ क्षणभर अडखळे, मग पुन्हा सुरळीत चाले. टेलिफोनवाल्या बाईंनी दहाची पाटी दाखवली तेव्हा सर सव्विसाव्या स्लाइडवर होते. आता थांबायला हवं होतं. मधल्या पाच स्लाइड सोडून थेट तांबडीवर जायला हवं होतं. नेमका तेवढ्यात भिंतीला टेकलेल्या एका गृहस्थाने हात वर केला आणि विचारलं, की बॅकअप त्याच डिस्कवर ठेवला तर चालतो का? याचं उत्तर "नाही" एवढंच आहे. सरांनी ते सहा मिनिटं दिलं. आपण काय करतो आहोत हे त्यांना पुरतं कळत होतं. दुसऱ्यांना फसवता आलं तरी स्वतःला ते फसवू शकत नव्हते.

पाचाची पाटी उत्तराच्या मधेच येऊन गेली होती. सरांनी भराभर स्लाइड पुढे ढकलल्या. पडदा तांबडा झाला आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. मागून कोणीतरी ओरडलं, "सर, मुलीचा किस्सा!" सरांनी घोटभर पाणी प्यायलं. दोन मिनिटं उरली होती, आणि ते वाक्य म्हणायला पाच सेकंद पुरली असती.

त्यांनी तोंड उघडलं. अठरा-एकोणीस वर्षांची सवय जिभेला. "आमच्याकडे," ते म्हणाले, "एक मुलगी होती." आणि लोक हसायला तयारच बसले होते, ते लगेच हसले. त्या हसण्यानंतर सरांना मागे फिरता आलं नाही. हुशार आलं, धांदरट आलं, एकेचाळीस हजार दोनशे सोळा आले. चहा आला तेव्हा अख्खा वर्ग सरांच्या बरोबरीने ते वाक्य म्हणाला. दाराजवळची बाई तेवढी हसली नाही. ती फळ्यावरच्या अर्ध्या गणिताकडे बघत होती. टेलिफोनवाल्या बाईंनी शून्याची पाटी वर केली, आणि सरांनी वाक्य अर्धं न सोडता वेळेवर संपवलं.

हस्तांदोलनांतून वाट काढत सर बाहेर आले तेव्हा ती जिन्याजवळच्या खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून काहीतरी लिहीत होती. भाषण कसं वाटलं ते लिहायच्या चिठ्ठ्या प्रत्येकाला वाटलेल्या असत. भरून दाराशेजारच्या खोक्यात टाकायच्या.

"आलीस... आलात. बरं झालं," सर म्हणाले.

"आले."

"वेळ पुरला नाही."

तिने टोपण लावलं. "त्या एका प्रश्नाला तुम्ही सहा मिनिटं घेतलीत, सर. मी घड्याळ बघत होते."

 मग सरांनी ते वाक्य म्हटलं, वीस वेळा पाठ केलेलं. "ती ओळ मी लिहिली होती. त्या दिवशी तुझ्या मशिनवर मी बसलो होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "चहा पिऊन आले, जागेवर बसले, तर माऊस डावीकडे. त्या खोलीत डावखुरे तुम्ही एकटेच."

 तेव्हाच का बोलली नाहीस, असं सरांनी विचारलं. तुम्ही बोलाल म्हणून थांबले, असं तिने सांगितलं. सर बोलतील, ते तसे नाहीत, असं ती घरी आईलाही सांगत होती. तळघरात असताना रोज तिला वाटे, की आज वर बोलावतील. नंतर तिने नोकरीसाठी तीन ठिकाणी अर्ज केले. तिसऱ्या ठिकाणी मुलाखत फार छान झाली. घेणारे गृहस्थ मोकळे होते, बोलता बोलता इस्पितळाचं नाव निघालं आणि ते हसून म्हणाले, "म्हणजे चहाला गेलेली ती तूच की काय?" ते खरंच वाईट नव्हते, त्यांनी तिच्यासाठी चहासुद्धा मागवला. तो तिने प्यायला, घरी आली, आणि त्यानंतर या कामासाठी कुठे अर्ज केला नाही. आता ती एका शाळेच्या कार्यालयात मुलांचे प्रवेश अर्ज भरते. हे सगळं तिने कोणा दुसऱ्याचं सांगावं तसं सांगितलं.

"मला क्षमा कर," सर म्हणाले.  "मला खरंच सांगायचं होतं गं."

"मला सांगून काय उपयोग, सर? मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं ते सगळे आत बसले होते."

तिने चिठ्ठी घडी करून खोक्यात टाकली आणि जिना उतरून गेली. सर वर्गाच्या दारात आले. आत पुढच्या वक्त्याने आपला लॅपटॉप जोडला होता, पडदा निळा झाला होता, आणि लोक सँडविचच्या रांगेकडे निघाले होते. एकाने सरांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, तो किस्सा ऐकल्याशिवाय इथे आल्यासारखं वाटत नाही बघा. सर त्याला धन्यवाद म्हणाले.

देवाने म्हणा, संयोजकाने म्हणा, सरांना आणखी एक संधी दिली. संध्याकाळी समारोपाला सगळ्यांना मोठ्या सभागृहात बसवलं, सरांना मंचावर बोलावून तांबड्या चौकटीतलं मानपत्र दिलं आणि माईक पुढे करून दोन शब्द बोलायला सांगितलं. सरांनी सभागृहावर नजर फिरवली. सव्वाशे चेहरे, सगळे प्रेमाने बघत होते, आणि तेच तर अवघड होतं. त्यांना दोन शब्द मागितले होते, त्यांनी एकच दिला: "आभार." माणूस एकदा शेपूट घालायला शिकला की पुढे ते आपोआप होतं.

रविवारी सकाळी चिठ्ठ्या वाचायच्या, हा बायकोचा दरवर्षीचा कार्यक्रम. संयोजक त्या वक्त्याला पाकिटात घालून देत. सर नाश्त्याला बसत आणि ती एकेक मोठ्याने वाचे, मधूनमधून आपली मल्लिनाथी करत. यंदा पाचापैकी पाच गुणांच्या चिठ्ठ्यांचा ढीग होता. "अनुभवाचे बोल," तिने वाचलं आणि म्हणाली की घरी कधी आले नाहीत हे बोल. "किस्सा अप्रतिम," असं सतरा जणांनी लिहिलं होतं. सर टोस्ट खात नव्हते, नुसता फिरवत होते. मग तिने एक घडी केलेली चिठ्ठी उघडली.

"हिचं अक्षर बघा किती सुरेख. 'किस्सा नेहमीसारखाच रंगला. माऊस डावीकडे होता, तेवढं सांगायचं राहून गेलं.' म्हणजे काय हो?"

 सरांनी डाव्या हाताने कप उचलला होता, तो हातातच राहिला. बायकोने चिठ्ठीवरून नजर काढून त्या हाताकडे बघितलं. जेवताना कोपराला कोपर लागू नये म्हणून एकतीस वर्षं ती त्यांच्या उजव्या बाजूला बसत आली होती. तिला डेटाबेसमधलं ओ का ठो कळत नव्हतं, पण हे कळायला डेटाबेस लागत नव्हता.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ती मुलगी..."

"तिने नाही," सर म्हणाले. "मी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खुर्ची, अपडेट, पाच अंकी आकडा, नऊ दिवसांचे न उघडलेले इशारे, तळघर, कालची ती सहा मिनिटं. ज्याला हे ठाऊक नव्हतं अशा माणसाला ते आयुष्यात पहिल्यांदा सांगत होते. बायकोने मधे एकदाही तोंड घातलं नाही, आणि तिच्या बाबतीत हे कधी घडत नसे. चहावर साय धरली. ती रागावेल, रडेल, निदान उठून आत जाईल, असं सरांना वाटलं होतं. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "आणि तो किस्सा मी किती जणांना सांगितला असेल, ठाऊक आहे तुम्हाला? किती हौसेने सांगायचे मी. चहाचं तर नक्कल करून सांगायचे."

सरांनी ढिगातली एक चिठ्ठी उलटी केली. मागची बाजू कोरी होती. डाव्या हातात पेन घेतलं.

"सांग," ते म्हणाले. "कोणाकोणाला?"

ती सांगत गेली. समोरच्या घरातल्या दोघी, जाऊबाई, जावेच्या ऑफिसातल्या सगळ्या, लेकीची सासू, दाताचा डॉक्टर. सर लिहीत गेले. पहिली चिठ्ठी भरली, दुसरी भरली, तिसरी घेतली, तेव्हा बायको अजून माहेरच्यांपर्यंत पोचलीही नव्हती.